सॅच्युरेशन ९९ होतं, मग मास्क कशाला?

या वेळच्या पत्रांचे आपोआपच दोन गठ्ठे झाले, एक ऑक्सिजनचा आणि एक बाळंतपणात क्वचित होणाऱ्या भानगडींचा. मी भूल देणारी डॉक्टर, त्यामुळे दोन्हीकडे माझं उभं राहणं असतंच, म्हणून एकत्रच घेते. काही पत्रं लांब होती, ती थोडी कापलीयेत, रागावू नका.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी माझं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९९ होतं. तरी टेबलवर घेतल्यावर तोंडावर मास्क घट्ट दाबून धरला आणि मोठे श्वास घ्या म्हणाले, मला तर गुदमरल्यासारखंच झालं. आता भाचा सांगतो की ऑपरेशनमधे जास्त ऑक्सिजन दिला की किडनी आणि हार्टला त्रास होतो असं संशोधन आहे. मग मला गरज नसताना का दिला?

ताई, मास्कच्या प्लॅस्टिकचा तो वास आणि वरून कुणीतरी दाबून धरलंय हे कुणालाच आवडत नाही, ज्यांनी स्वतः ऑपरेशन करून घेतलंय अशा भूलतज्ज्ञांनाही नाही. पण ती तीन मिनिटं तुमच्या ९९ साठी नव्हती, पुढे जे होणार होतं त्यासाठी होती. पूर्ण भूल दिली की तुमचा श्वास थांबतो, आणि घशात नळी जाऊन मशीन सुरू होईपर्यंत शरीर फुफ्फुसात जे शिल्लक आहे त्यावर चालतं. शांत श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात साधारण अडीच लिटर हवा उरते, पण साध्या हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन, म्हणजे कामाचा साठा जेमतेम अर्धा लिटर आणि शरीर मिनिटाला पाव लिटर खातं. करा हिशोब. मिनिट-दीड मिनिटात सॅच्युरेशन घसरायला लागतं. तेच तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन ओढला की नायट्रोजन बाहेर जातो, सगळी जागा ऑक्सिजनने भरते, आणि धडधाकट माणसाला आठेक मिनिटं मिळतात. नळी पहिल्या झटक्यात गेली तर ती मिनिटं वापरली जात नाहीत, पण नाही गेली तर? गरोदर बाईत तर हा साठा आधीच लहान असतो कारण पोट वर सरकलेलं, आणि दोन जीवांचा खर्च, त्यामुळे तिला आठ कुठले, त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. म्हणून सिझरला पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर घाई कितीही असो, मास्क आधी.

मास्क आणि तोंडामधे फट राहिली की बाहेरची हवा आत शिरते आणि सगळी मेहनत वाया, म्हणून तो दाबून धरतात. मात्र आधी दोन शब्द सांगायला हवे होते, ते सांगितले नसतील तर ती चूक आमच्या जमातीची.

आता भाच्याचं. तो म्हणतो ते अगदीच खोटं नाही, पण तो वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय. सुरुवातीची तीन मिनिटं हा वाद नाहीच, वाद आहे नळी बसल्यानंतर पुढचे दोन-चार तास किती द्यायचा यावर. ३० टक्के की ८० टक्के? २००० साली आतड्याच्या ऑपरेशनच्या ५०० पेशंटवर एक अभ्यास आला, ८० टक्केवाल्यांची जखम पिकण्याचं प्रमाण ५.२ टक्के आणि ३० टक्केवाल्यांचं ११.२. निम्म्याहून कमी! सगळे खूश, कारण ऑक्सिजन हाताशीच असतो आणि त्याचं नुकसान काय होणार असं तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं. मग २००९ मधे डेन्मार्कमधे १४०० पेशंटवर तेच करून बघितलं तर १९.१ आणि २०.१, म्हणजे काहीच फरक नाही, आणि नंतर त्याच पेशंटांचा पाठपुरावा केला तर ८० टक्केवाल्यांत, विशेषतः कॅन्सरच्या पेशंटांत, मृत्यू थोडे जास्तच दिसले. तरीही २०१६ मधे जागतिक आरोग्य संघटनेने ८० टक्के द्या म्हणून ठाम शिफारस केली, त्यावर जगभरच्या भूलतज्ज्ञांनी आरडाओरडा केला, आणि २०१८ मधे ती शिफारस मवाळ झाली. याच विषयावरचे काही अभ्यास तर आकडे संशयास्पद म्हणून मागेच घेतले गेले, हे मी मुद्दाम सांगते, कारण 'संशोधन आहे' एवढं ऐकून आपण मान डोलावतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास, २०१८ चा. त्यांनी काय केलं, एकेक पेशंट निवडत न बसता ओटीचाच, म्हणजे ऑपरेशन थिएटरचाच, नियम बदलत ठेवला, दोन आठवडे सगळ्यांना ३०, पुढचे दोन आठवडे सगळ्यांना ८०, असं ३९ महिने. ५७४९ ऑपरेशनं झाली. फरक शून्यासारखा.

भाच्याने वाचलंय ते बहुतेक २०२२ चं, अमेरिकेतल्या ४२ सेंटरमधल्या साडेतीन लाख पेशंटांच्या नोंदी. ज्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला त्यांच्यात किडनी, हार्ट, फुफ्फुस यांचा त्रास जास्त दिसला. पण हे नुसतं नोंदी बघून काढलेलं आहे, आणि ज्याची तब्येत जास्त नाजूक त्याला डॉक्टर आपसूकच जास्त ऑक्सिजन देतात, मग त्रास ऑक्सिजनने झाला की मुळात तब्येतीनेच हे सुटं करणं अवघड जातं. त्यांनी हिशोबात ते वजा करायचा प्रयत्न केलाय, तरी नाणं उडवून दोन गट पाडले तर जी खात्री येते ती यातून येत नाही. मग मी काय करते? नळी बसली, सगळं जागेवर आलं की कमी करते, सॅच्युरेशन ९४-९८ राहील इतकं. माझी मतं गेल्या वीस वर्षांत दोनदा बदलली आहेत, पुढेही बदलतील.

आणि एक गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर. बोटाला लावलेला तो सॅच्युरेशनचा चिमटा ऑक्सिजन कमी झाला की सांगतो, जास्त झाला की सांगू शकत नाही. बसच्या सीट मोजणारा माणूस समजा. सगळ्या सीट भरल्या की तो १०० टक्के सांगणार, उभे दहा आहेत की पन्नास हे त्याच्या कामातच नाही. रक्तातला ऑक्सिजनचा दाब २०० असो की ४००, चिमटा १००च दाखवतो. म्हणून '१०० आलंय, मस्त' असं ओटीत कुणी म्हटलं की मी म्हणते, मस्त आहे, आता ऑक्सिजन कमी करून बघ.

प्रश्न: ऑपरेशनला नेलपॉलिश काढायला लावतात, त्याचा आणि ऑक्सिजनचा काय संबंध?

तो चिमटा लाल आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा उजेड बोटातून पलीकडे पाठवतो आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून आकडा काढतो. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. काळा, गडद निळा, हिरवा रंग मधे आला की आकडा थोडा हलू शकतो, फरक बहुतेक वेळा किरकोळच असतो पण नखाचा मूळ रंगही आम्हाला बघायचा असतो. त्याहून महत्त्वाचं, याच चिमट्याची सावळ्या-काळ्या त्वचेवर चूक होते आणि ती नेमकी नको त्या दिशेने. २०२० मधे अमेरिकेत बघितलं तेव्हा चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तात ८८ च्या खाली असल्याचं गोऱ्या पेशंटांत ३.६ टक्के वेळा आढळलं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. त्यामुळे आकडा ९३ आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवायचा.

प्रश्न: बाबांच्या गालावरची गाठ जागा बधिर करून काढली. ते पूर्ण जागे होते. मधेच सर्जन म्हणाले "ऑक्सिजन बंद करा, कॉटरी लावतोय". बाबा तेव्हापासून म्हणतायत की माझा ऑक्सिजन काढून घेतला. असं करतात का?

करतात, आणि ज्या टीममधे असं मोठ्याने बोलतात ती टीम चांगली. कॉटरी म्हणजे रक्त थांबवायला विजेने जाळायचं पेन, त्याची ठिणगी पडते. नाकातल्या नळीतून येणारा ऑक्सिजन तोंडावर टाकलेल्या हिरव्या कपड्याखाली साचत राहतो, दिसत नाही, वास नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण बाकी सगळ्याला पेटवतो, जो कापूस साध्या हवेत नुसता धुमसला असता तो तिथं भस्सकन पेट घेतो, दाढी-मिशी-भुवयासुद्धा. म्हणून चेहरा आणि मानेच्या ऑपरेशनला उघडा ऑक्सिजन द्यायचाच असेल तर ३० टक्क्यांच्या आत, आणि कॉटरीच्या आधी बंद करून थोडं थांबायचं, साचलेला निघून जाईपर्यंत. स्पिरिट लावलं असेल तर तेही निदान तीन मिनिटं वाळू द्यायचं, केसांत मुरलं असेल तर त्याहून जास्त. बाबांना सांगा, त्या दोन-तीन मिनिटांत तुमचं सॅच्युरेशन कुणीतरी कानाने ऐकत होतं. खरंच कानाने. मॉनिटरची टूं-टूं सॅच्युरेशन उतरलं की खालच्या सुरात जाते, आणि मी पाठ करून औषध भरत असले तरी सूर एक पायरी उतरला की मान आपोआप वळते. घरी मिक्सर बंद पडतानाचा आवाजसुद्धा मला दचकवतो, असो.

प्रश्न: पहिल्या बाळंतपणात बाळाचे ठोके कमी झाले तेव्हा बायकोला लगेच मास्क लावला होता. या वेळी तसंच झालं तर फक्त डाव्या कुशीवर वळवलं, कळा येण्याचं सलाइन बंद केलं, मास्क लावलाच नाही. मी दोनदा म्हणालो तरी नाही. बाळ ठीक आहे. पण हा हलगर्जीपणा नव्हता का?

नव्हता. बाप म्हणून तुम्हाला काय वाटलं असेल ते कळतं, ठोके १४० वरून ९० वर आलेले ऐकणं म्हणजे आपलाच जीव जातो, आणि मास्क लावला की निदान काहीतरी केलं असं दिसतं. आम्हीही कित्येक वर्षं याच कारणाने लावला, खरं सांगायचं तर. पण आईचं सॅच्युरेशन ९८ असेल तर तिच्या रक्तातल्या सीट भरलेल्याच आहेत, वरून ऑक्सिजन देऊन बाळाकडे जाणारी गाडी वाढत नाही. बाळाला कमी पडतं ते बहुतेक वेळा रस्ता अडल्यामुळे, म्हणजे नाळ दाबली गेली, किंवा कळा इतक्या लागोपाठ आल्या की वारेला मधे उसंतच नाही, किंवा आई उताणी झोपल्यामुळे पोटातल्या मोठ्या शिरेवर भार आला. म्हणून कुशीवर वळवणं आणि सलाइन बंद करणं हाच खरा उपाय, तो तुमच्यासमोर झाला. २०१८ मधे अशाच बायकांचे दोन गट करून एकाला मास्क आणि एकाला साधी हवा असं बघितलं, जन्मानंतर नाळेच्या रक्तातलं लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) मोजलं, साधी हवावाले मागे नव्हते. २०२२ मधे अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलं की आईचं स्वतःचं सॅच्युरेशन चांगलं असेल तर निव्वळ बाळाच्या ठोक्यांसाठी सरसकट ऑक्सिजन नको. आईचंच कमी असेल तर द्यायचाच, त्यात वाद नाही.

जन्मलेल्या बाळाचंही तसंच. पूर्ण दिवसांचं बाळ रडलं नाही तर २०१० पासून जगभर साध्या हवेनेच सुरुवात करायला सांगतात, आधी १०० टक्के द्यायचे. आणि कमी दिवसांच्या बाळांचा इतिहास तर फार वाईट आहे. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यांना पेटीत ठेवून भरपूर ऑक्सिजन दिला जायचा, प्रेमानेच, आणि जवळजवळ दहा हजार बाळं आंधळी झाली. ऑक्सिजनच कारण आहे हे मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मधे मांडलं, मग मोठा अभ्यास होऊन सिद्ध झालं. मग काय, सगळ्यांनी इतका आखडता हात घेतला की डोळे वाचले पण श्वासाअभावी बाळं जास्त दगावू लागली.

प्रश्न: माझ्या मावसबहिणीला डिलिव्हरीनंतर दहा मिनिटांत श्वास लागला, बीपी गेलं, रक्तस्राव थांबेना, हार्ट बंद पडून परत सुरू केलं. गर्भजल रक्तात गेलं असं सांगितलं. ती वाचली, बाळही छान आहे. आता तिला एका नोंदवहीसाठी फॉर्म आलाय, तिची माहिती नाव न देता वापरू का म्हणून. एकटीच्या केसवरून कुणाला काय कळणार? आणि मला किंवा तिला पुढे हे होऊ शकतं का?

आधी, ती वाचली हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून पाणी प्यायले. हा प्रसंग ज्यांनी ओटीत बघितलाय त्यांना सांगावं लागत नाही.

याची पहिली नोंद १९२६ ची, ब्राझीलमधली. १९४१ मधे आठ बायकांच्या शवविच्छेदनात फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत गर्भजलातले कण सापडले, तेव्हा सगळ्यांना वाटलं की रक्ताच्या गुठळीसारखं जाऊन अडकतं. नाव तेव्हापासून तेच चिकटलं. पण तसे कण काहीही न झालेल्या बायकांतही सापडतात, त्यामुळे आता समजूत अशी की अडकण्यापेक्षा शरीर त्यावर जी भयंकर विपरीत प्रतिक्रिया देतं तीच मारते, ऑक्सिजन पडतो, हार्ट ढेपाळतं आणि रक्त गोठण्याची शक्तीच संपते. साधारण ४०-५० हजार बाळंतपणांत एक. म्हणजे एखादा डॉक्टर आयुष्यभर काम करून एकही न बघता रिटायर होऊ शकतो. इथं ३० की ८० सारखे दोन गट पाडता येत नाहीत, पेशंट आणणार कुठून?

म्हणून मोजणी हाच मार्ग, आणि मोजणी कशी करता यावर सगळं ठरतं. अमेरिकेत १९९५ मधे डॉक्टरांनी आपणहून पाठवलेल्या ४६ केस जमल्या, त्यात ६१ टक्के बायका गेल्या होत्या. ब्रिटनमधे २००५ पासून बाळंतपणातल्या दुर्मिळ गोष्टींची एक व्यवस्था आहे, तिची पद्धत मला फार आवडते. दर महिन्याला प्रत्येक प्रसूती विभागाला एक कार्ड जायचं, या महिन्यात अमुक आजार झाला का, आणि झाला नसेल तरी 'काही नाही' या चौकटीत खूण करून ते कार्ड परत पाठवायचंच. त्या रिकाम्या कार्डाशिवाय कळणार कसं की केस झाली नाही की कळवायची राहिली? त्यांच्या नोंदीत २००५ ते २०१४ मधे १२० बायका, त्यातल्या २३ गेल्या, म्हणजे १९ टक्के. ६१ कुठे आणि १९ कुठे. उपचार सुधारले हे आहेच, पण आपणहून कळवायचं असलं की माणूस भयंकर तेच कळवतो, आणि तुमच्या बहिणीसारखी वाचलेली बाई कागदावर येतच नाही. तिची एक ओळ त्या आकड्यात असणं म्हणजे पुढच्या कुणाच्या तरी नवऱ्याला ओटीबाहेर खरा आकडा सांगता येणं.

अशाच मोजणीतून दुसरंही कळलं. गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं स्वस्त औषध, २००२ मधे ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांत तपासलं, झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. हा झाला प्रयोग. प्रत्यक्षात फरक पडला का? ब्रिटनमधे १९९२ मधे दहा हजार बाळंतपणांत ४.९ जणींना झटके यायचे, मोजणी परत केली तेव्हा २.७. आणि 'एकटीने काय होतं' म्हणाल तर १९७१ मधे बॉस्टनमधे एका दुर्मिळ योनीमार्गाच्या कॅन्सरच्या फक्त आठ तरुण मुली होत्या, आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी एकाच प्रकारची हार्मोनची गोळी घेतलेली निघाली, डीईएस नावाची. फक्त आठ मुली!

तुम्हाला होईल का? हा घराण्यात चालत येणारा आजार म्हणून ओळखला जात नाही, मावसबहिणीला झाला म्हणून तुमचा धोका वाढला असं धरू नका. तिला परत होईल का, याचं उत्तर मला जपून द्यावं लागेल. ज्या वाचलेल्या बायकांच्या पुढच्या बाळंतपणांची माहिती छापून आलीये त्यात परत झाल्याचं सहसा दिसत नाही, पण अशा बायका मोजक्याच. आणि शून्याचा एक सोपा हिशोब असतो, तीनला एकूण संख्येने भागायचं. समजा ३० जणींत एकीलाही झालं नाही, तर खरा धोका ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो, एवढंच आपण खात्रीने म्हणू शकतो. तीनशे जणींत शून्य असेल तर एक टक्का. बहुधा त्याहून खूपच कमी असेल, पण 'कधीच होणार नाही' हे वाक्य ३० जणींच्या जोरावर कुणी म्हणू नये. पुढचं बाळ हवं असेल तर आयसीयू आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी, आणि पहिल्याच भेटीत हे सगळं सांगून. फॉर्मवर काय करायचं ते तिचं तिने ठरवावं, नाही म्हणाली तरी तिच्या उपचारात काडीचा फरक पडता कामा नये, हे त्या फॉर्मवर लिहिलेलं आहे का एवढं मात्र वाचून घ्या.

प्रश्न: आधीची दोन सिझर. आता सोनोग्राफीत वार खाली आहे म्हणाले आणि मोठ्या हॉस्पिटलला जा म्हणून चिठ्ठी दिली. आमचे डॉक्टर इतके चांगले असताना ते टाळतायत का?

टाळत नाहीयेत, नेमकं जे करायचं तेच केलंय त्यांनी. वार खाली, जुन्या टाक्यांच्या व्रणावर असली की ती गर्भपिशवीत रुतून बसायची शक्यता असते आणि मग सुटत नाही, रक्त जातं ते लिटरने. वार खाली असलेल्या बायकांचा अमेरिकेत २००६ मधे आलेला हिशोब असा, पहिलंच सिझर असेल तर ३ टक्के, दुसरं असेल तर ११, तिसरं असेल तर ४०. तुमचं तिसरं. म्हणजे रुतलेली नसण्याची शक्यता अजूनही जास्त आहे, पण ४० हा आकडा घेऊन कुणी छोट्या ठिकाणी ऑपरेशनला उभं राहू नये. तिथं गेल्यावर वार रुतलीये का हे बघणारी खास सोनोग्राफी होईल, तारीख आधीच ठरेल, रक्त तयार ठेवतील, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला आदल्या दिवशीच भेटवतील, नाही भेटवलं तर मागा. आधीच्या दोन्ही सिझरचे कागद बरोबर न्या, आणि मधे थोडंसं जरी लाल दिसलं, दुखत नसलं तरी, सकाळची वाट न बघता निघा.